पाच ते सहा, फक्त इंग्रजी

३ फेब्रुवारी

ताई,

पत्र सुरू कसं करावं इथेच माझं घोडं अडलं. तुमचं कुशल विचारावं, तर चार वर्षांत कधी विचारलं नाही. आमचं कळवावं, तर तुम्ही विचारलेलं नाही. म्हणून सरळच लिहिते. मी तुमची भावजय. तुमचा भाऊ गेला त्या दिवशी तुम्ही दुपारी आलात आणि संध्याकाळी परत निघालात, तेव्हा दाराशी तुमची पिशवी हातात देणारी ती मीच. तुमचा फोन नंबर बदलला आहे, म्हणून हे ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते.

मी अजून आईंजवळच राहते. दोनच खोल्या आणि मधला पॅसेज, त्यात आम्ही दोघी. सकाळी नऊ ते चार डेंटल लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, लहान मुलांच्या तारा, सगळं करते. माणूस मला आधी दातांवरून ओळखू येतो, नाव मागाहून कळतं. आईंचे डोळे गेल्या दीड वर्षात फार उतरले. त्यांना मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. त्यामुळे त्या तुमच्याकडे बघत असल्या की खिडकीकडे बघतायत असं वाटतं. वाचता अजिबात येत नाही. गॅस मी बाहेर जाताना बंद करून जाते.

आता मुद्दा. परदेशातल्या एका संस्थेत माझं काम शिकवायला माणूस हवा आहे. त्यांनी मी केलेले दात मागवून पाहिले, पसंत केले. अट एकच, वरच्या पातळीची इंग्रजी संभाषणाची परीक्षा पास व्हायची. तीस जूनपर्यंत जागा माझ्यासाठी ठेवणार आहेत. जानेवारीत मी पहिल्यांदा बसले आणि आपटले.

मला शिकवतं कोण हे तुम्ही ओळखलंच असेल. मी क्लासची चौकशी करत होते, तर आई म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. माझ्या घरातलं माणूस बाहेर पाटी घेऊन जाणार नाही." मग लहानपणी तुम्हाला बसवायच्या त्याच लाकडी हातांच्या खुर्चीत मला बसवलं. चाळीस विषय काढले आणि चाळीस उत्तरं पाठ करून घेतली. मीही झोपेत म्हणू शकेन इतकी घोटली. परीक्षेत त्या बाईंनी मध्येच एक साधा प्रश्न विचारला, अगदी चहा घेणार का इतका साधा, आणि माझी गाडी जी रुळावरून घसरली ती पुन्हा चढली नाही. निकालाच्या कागदावर शेरा होता की उमेदवार पाठांतर म्हणून दाखवते. आई म्हणाल्या, परीक्षक मूर्ख आहेत.

एप्रिलमध्ये पुन्हा बसणार आहे. पास झाले तर जुलैत जावं लागेल आणि आईंना एकटं ठेवता येणार नाही. तुम्ही याल का? निदान त्यांना तुमच्याकडे न्याल का? मला माहीत आहे हे मागणं किती जड आहे. तरी मागते, कारण दुसरं कुणी नाही.

तुमची भावजय

२२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की मान वळतेच.

आईंनी पद्धत बदलली. पाठांतराची वही त्यांनी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकली. चूक झाली असं तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण वही टाकली, एवढं मला पुरे आहे. आता रोज पाच ते सहा फक्त इंग्रजी. या परीक्षेत उमेदवार जोडीने बसतात. दोघांना मिळून एका विषयावर बोलायचं असतं. एकमेकांचं मत विचारायचं, पटलं नाही तर तसं नीट सांगायचं. समोर एक परीक्षक प्रश्न विचारतो आणि दुसरा कोपऱ्यात बसून तोंड न उघडता गुण लिहितो. आता आमच्या घरात जोडीदार कुठून आणायचा? तर आई झाल्या जोडीदार. परीक्षकही त्याच. स्वतःची खुर्ची डावीकडे वळवली की परीक्षक, उजवीकडे वळवली की जोडीदार. खुर्चीच्या पायांनी फरशीवर ओरखडे उठलेत.

तुम्हाला खोटं वाटेल, पण जोडीदार झाल्यावर त्या मला विचारतात, "तुझं काय मत आहे?" लग्न होऊन सोळा वर्षं झाली, ताई. घराला रंग कोणता द्यायचा हेही मला या घरात कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला उत्तरच सुचेना. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे, मला मतच नव्हतं.

सहाचे ठोके पडले की खुर्ची सरळ होते आणि मराठी सुरू होतं. "दूध तापवलंस का? खिडकी का उघडी?" मग मी पुन्हा सून.

१७ मार्च

ताई,

तुमचा कागद मिळाला. दोनच ओळी. "तिला सांभाळायला मी येणार नाही. तू पास हो आणि जा." तारीखही घातली नाहीत. बरं झालं, खोटी आशा लावली नाहीत.

तुम्ही का येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या भावाने सांगितलं होतं. तुमचे वडील दवाखान्यात वारले तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या. धावत आईंच्या शाळेत आलात, स्टाफरूममध्ये. तिथे मराठी बोलायला बंदी होती म्हणून रडत रडत इंग्रजीत सांगितलंत. आणि आईंनी सगळ्यांसमोर आधी तुमचं वाक्य सुधारलं आणि मग पर्स उचलली. हे ऐकल्यावर मला तुमची बाजू कुणी समजावून द्यायची गरज उरली नाही.

तरीही कालचं लिहिते. कालचा विषय होता, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी कुणाची. मी आपली सोपी बाजू घेतली, मुलांची म्हणाले. सासूसमोर दुसरं काय म्हणणार? जोडीदाराने विरुद्ध बाजू घ्यायची असा आमचा नियम आहे, म्हणून त्यांना उलट बोलावं लागलं. त्या बोलत राहिल्या. आईवडिलांनी सोडून द्यायला शिकलं पाहिजे म्हणाल्या. म्हातारपणी आधार हवा म्हणून मुलांना वाढवणं हा व्यापार झाला म्हणाल्या. आणि मग त्याच आवाजात, त्याच चालीवर, "एक मुलगी मी सुधारता सुधारता घालवली."

सहा वाजल्यावर मी मराठीत विचारलं, "आई, ते मघाचं खरं की परीक्षेपुरतं?"

त्या म्हणाल्या, "परीक्षेत खरंखोटं विचारत नाहीत. मुद्दा मांडता आला की झालं. तू मध्ये फार श्वास घेतेस, तेवढं बघ."

मी तुम्हाला या म्हणत नाही. मला हे पोटात ठेवता आलं नाही इतकंच.

१२ एप्रिल

ताई,

परीक्षा झाली. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे टेबलाला लागत होते. माझा जोडीदार एक पाइपलाइनचा इंजिनियर, बारीक मिशीचा, पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले. त्याचा गुडघा इतका हलत होता की माझंही टेबल थरथरत होतं. मला त्याचीच काळजी वाटू लागली आणि स्वतःची विसरले.

आम्हाला विषय दिला की माणसाला कोणता निर्णय घेणं सगळ्यात कठीण जातं. इंजिनियर म्हणाला, नोकरी बदलणं. मग त्याने मला विचारलं, तुमचं काय मत आहे? आणि मी सांगून टाकलं, ताई. म्हणाले, मी एका बाईला सोडून जाणार आहे, जी मला फारशी आवडत नाही आणि जिच्याशिवाय मला आता संध्याकाळचे पाच वाजलेले चालणार नाहीत. त्याचा गुडघा हलायचा थांबला. मग म्हणाला, तिला हे माहीत आहे का? मी म्हणाले, ती माझ्याकडून याच प्रश्नाची तयारी करून घेते. कोपऱ्यातल्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

घरी आल्यावर आईंनी विचारलं, काय विषय होता. मी सांगितलं, पर्यटन.

६ मे

ताई,

निकाल लागला. याही वेळी नाही झालं. थोडक्यात गेलं. तेव्हा तुम्ही आता काही मनात आणू नका, कुणी कुठे जात नाही. सगळं होतं तसंच आहे.

लॅबमध्ये काम खूप आहे, म्हणून आवरतं घेते.

२९ मे

ताई,

मागचं पत्र खोटं होतं. मी पास झाले. नुसती पास नाही, चांगल्या गुणांनी. कागद माझ्या लॅबच्या कप्प्यात आहे, मेणाच्या डब्याखाली.

निकाल आला तेव्हा आई समोरच होत्या. त्यांना वाचता येत नाही हे मला त्या क्षणी फार सोयीचं झालं. त्यांनी हात पुढे केला, जणू कागद हातात धरला की कळेल. त्या हाताकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही झालं, आई." मला वाटलं त्यांना हायसं वाटेल. आता मी जाणार नाही, त्यांना कुणाच्या दारात जावं लागणार नाही, म्हणून त्या सुखावतील.

झालं भलतंच. त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "माझ्याकडून शिकवणं होत नाही आता. तू क्लास लाव. मीच सांगते लाव." ताई, ही बाई स्वतःच्या डोळ्यांचं दुखणं डॉक्टरला सांगताना रडली नाही. मुलगा गेला तेव्हा माझ्यासमोर रडली नाही. आणि मी नापास झाले म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली. मी त्यांना वाचवायला गेले आणि त्यांच्या चाळीस वर्षांवर पाणी ओतलं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं की जावं लागणार होतं. मी म्हणाले, "क्लास नको, आई. तुम्हीच शिकवा. ऑक्टोबरला परत बसते." त्या वळल्या. पाच वाजता खुर्ची ओढली.

तेव्हापासून मी रोज एक तास चुका करते. ठरवून करते. लॅबमधून घरी येताना वाटेत आजच्या चुका ठरवते, कुठे अडखळायचं, कुठे शब्द आठवत नाही असं दाखवायचं. त्या सुधारतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. मी येणारी भाषा न येणारी करून बोलते. घराला कुलूप नाही, दार दिवसभर उघडं असतं आणि माझा पाय निघत नाही. संस्थेचं पत्र आलं आहे, तीस जूनच्या आत कळवा. मी अजून कळवलेलं नाही.

तुम्ही कशा निघालात? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. आधी पिशवी भरलीत की आधी दार ओलांडलंत?

१ जुलै

ताई,

काल तारीख गेली. मी कळवलं नाही.

आज सकाळी चहाचा कप पुढे ठेवला तर आई म्हणाल्या, "बस जरा." सकाळी त्या मला बस कधीच म्हणत नाहीत. म्हणाल्या, "काल तीस तारीख होती ना?"

मी म्हणाले, "हो. का?"

"तू पास झालीस ते मला आठवड्याभरातच कळलं."

म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"तूच. खरी चूक माणूस पुन्हा पुन्हा करतो. एकच चूक आयुष्यभर करतो. तू रोज नवीन चूक आणत होतीस. इतक्या नव्या चुका कुणाकडे नसतात गं." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "फार हुशारीने करत होतीस. मला कौतुक वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

त्या खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तारीख जाऊ दे म्हटलं."

मी चिडले, ताई. खूप चिडले. सोळा वर्षांत आवाज चढवला नव्हता तो सगळा आज सकाळी चढवला. म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या चुका पकडल्यात, रडणाऱ्या पोरीची पकडलीत, आणि माझी तेवढी एक सोडून दिलीत, कारण ती तुमच्या सोयीची होती. म्हणाले, डोळे गेले म्हणून दया येते तुमची, पण तुम्हाला सगळं दिसतं, हवं तेवढं सगळं दिसतं. शेजारच्या शिंपीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. आई ऐकत होत्या. कप हातात तसाच होता, चहावर साय धरली.

मी लॅबमध्ये आले. हे पत्र इथूनच लिहिते आहे, प्लास्टरच्या साच्यांच्या रांगेसमोर बसून. राग खरा आहे. पण एक गोष्ट मी त्यांना म्हणाले नाही, ती तुम्हाला सांगते. माझे हात कुणी बांधले होते? एक ओळ लिहायची होती संस्थेला, "येते" एवढीच. मी पंचावन्न दिवस ती लिहिली नाही. मी वाट बघत होते, की त्या मला पकडतील. पकडून म्हणतील, खोटारडे, जा. त्यांनी हाकललं असतं तर मला जाता आलं असतं. त्यांनी तेवढंच केलं नाही आणि मी तेवढ्यावरच अडून बसले. आम्ही दोघी समोरासमोर बसून रोज एक तास एकमेकींना फसवत होतो आणि दोघींनाही ते कळत होतं, निदान एकीला तरी नक्की.

१० जुलै

ताई,

तुमचं पत्र आलं. या वेळी चार ओळी, म्हणजे दुप्पट. "पिशवी भरली नव्हती. दार ओलांडलं आणि बस धरली. कपडे नंतर घेतले. अजून कधी कधी पाचच्या सुमाराला घशाला कोरड पडते." वाचून मी लॅबमध्येच थोडी रडले. साहेबांना वाटलं प्लास्टरची धूळ गेली.

मला तुमच्यासारखं निघता येणार नाही. मी पिशवी भरून, सांगून निघणारी बाई आहे. संस्थेला लिहिलं, उशीर झाला, चूक माझी, पुढे काही जागा आहे का. उत्तर चार दिवसांत आलं. जानेवारीच्या तुकडीला घेतील, पण आठवड्यात पक्कं सांगा. मी त्याच तासाला "येते" लिहून पाठवलं. मग घरी येऊन ते पत्र आईंना मोठ्याने वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत, त्यांनी मागितलं नव्हतं तरी. त्या म्हणाल्या, "बरं." आणि काही नाही.

त्यांच्यासाठी दिवसभराची बाई बघते आहे. शिंपीणबाई दोन वेळा डोकावतो म्हणाल्या. हे पुरेसं नाही हे मला कळतं. तुमच्याकडे आता मी काही मागत नाही. येणं न येणं तुमचं तुम्ही बघा.

फक्त कालचं सांगते, कारण हे कळेल असं जगात तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

त्या सकाळपासून मी पाच वाजता खुर्चीत बसत नाही. त्याही बोलावत नाहीत. काल मी लॅबमधून आले, पॅसेजमध्ये चप्पल काढत होते, तर आतून आवाज आला. पाच वाजून गेले होते. आई एकट्याच बसल्या होत्या. खुर्ची डावीकडे वळवली आणि परीक्षकाच्या आवाजात विषय सांगितला, घर सोडून जाणं योग्य आहे का, दोघींनी चर्चा करा. मग खुर्ची फिरवली. आणि माझ्या आवाजात बोलू लागल्या, ताई. मी आधी घसा खाकरते तशा खाकरल्या. मध्येच मोठा श्वास घेते तसा घेतला. म्हणाल्या, "मला जायचं आहे. मी एकेचाळीस वर्षांची आहे. मला चांगलं काम येतं आणि ते इथे कुणी बघत नाही. मला जायचं आहे आणि मला त्याची लाज वाटते." मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एकही शब्द चुकला नव्हता.

मग त्यांनी खुर्ची पुन्हा वळवली, स्वतःची बाजू मांडायला. म्हणाल्या, मला हे पटत नाही, बिकॉज. आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या, मला हे पटत नाही, बिकॉज. तिसऱ्यांदा म्हणाल्या. चाळीस वर्षं पोरांना मुद्दा मांडायला शिकवणारी बाई त्या शब्दाच्या पुढे जाईना. ओठ हलत होते.

मी पॅसेजमध्ये उभी होते. त्यांना कडेचं दिसतं, म्हणजे मी त्यांना दिसत होते. आत जावं, समोर बसावं, त्यांचं वाक्य पुरं करून द्यावं असं इतकं वाटलं की दाराची चौकट घट्ट धरली. आत गेले असते तर जानेवारीत मी गेले नसते.

मी आत गेले नाही. सहा वाजेपर्यंत त्या तिथे आणि मी इथे. मग त्यांनी खुर्ची सरळ केली आणि मराठीत म्हणाल्या, "दिवा लाव." मी आत जाऊन दिवा लावला.